कावळा, फांदी आणि खाणीची भिंत : खुल्या खाणींतल्या दरडींच्या चौकशीचा इतिहास

खाणीतली दरड कोसळली की दुसऱ्या दिवशीच्या पेपरात एक वाक्य बहुतेक ठरलेलं असतं. पावसानं माती भुसभुशीत झाली आणि ढिगारा खाली आला. कधी पावसाऐवजी भूकंपाचा धक्का असतो, कधी सुरुंगाचा हादरा. वाक्य खोटं असतं असं नाही. पण आपल्याकडे म्हण आहे ना, कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली. फांदी तुटली तेव्हा कावळा बसलेला होता, हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. फांदी आतून किती किडली होती, आणि त्या फांदीखाली माणसं कुणी बसवली, हे पाहायला वेळ लागतो.

आज आपण बोलणार आहोत ते या वेळ लागण्याबद्दल. दरड का पडली हे विचारायला माणूस कधी शिकला, कसा शिकला, आणि तो प्रश्न विचारताना काय काय टाळलं जातं, याचा हा इतिहास आहे. आपल्या तत्त्वज्ञानात घटाचं उदाहरण देतात. माती हे उपादान कारण, कुंभार आणि त्याचं चाक हे निमित्त कारण. दरडीच्या चौकशीत नेमकी ह्याच दोहोंची गल्लत होते, म्हणून ही जोडी मनाशी धरून ठेवा.

आधी खुली खाण म्हणजे काय ते थोडक्यात. कोळसा किंवा धातुक खाली आहे, वर माती आणि दगड आहे. वरचं सगळं काढायचं, बाजूला नेऊन टाकायचं आणि खाली जायचं. खड्ड्याची भिंत एकसंध सरळ ठेवत नाहीत, पायऱ्या पायऱ्या ठेवतात. त्या पायरीला खाणीत बेंच म्हणतात. काढून टाकलेल्या मातीला ओव्हरबर्डन, खाणीच्या बोलीत नुसतं 'ओबी', आणि तिच्या डोंगराला ओबी डंप. म्हणजे एका खाणीत दोन प्रकारचे उतार असतात. एक निसर्गाच्या दगडात कापलेला, दुसरा माणसानं रचलेला. दोन्ही कोसळतात.

आता इतिहासाकडे येऊ. आम्ही सुरुवात करतो ती स्वित्झर्लंडमधल्या एल्म नावाच्या गावापासून. या गावाच्या डोक्यावर पाटीच्या दगडाची खाण होती. पाटी म्हणजे तीच, जिच्यावर आपल्या आज्या-आजोबांच्या पिढीनं मुळाक्षरं गिरवली. युरोपात शाळा सक्तीच्या होत गेल्या तशी पाट्यांची मागणी वाढली, आणि 1868 पासून एल्मच्या लोकांनी डोंगराच्या पायथ्याला हा दगड काढायला सुरुवात केली. तेरा वर्षांत तिथे सुमारे 180 मीटर रुंद आणि 60 मीटरहून जास्त आत गेलेली खाच तयार झाली. वरचा डोंगर त्या खाचेवर तोललेला. खाणीच्या वर उतारावर एक लांब भेग पडली होती, ती रुंदावत गेली. 1881 च्या उन्हाळ्याअखेरीस पाऊस भरपूर झाला, आणि वरून येणारं पाणी त्या भेगेत शिरून दिसेनासं होऊ लागलं. दगड सुटायला लागले तेव्हा खाणीचं काम थांबवलं. गाव मात्र जागच्या जागीच राहिलं.

11 सप्टेंबर 1881, रविवार, संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास पहिली दरड आली. सगळे पळाले नाहीत. काही जण बघायला उभे राहिले, काही मदतीला धावले. सतरा मिनिटांनी दुसरी आली. त्यानंतर थोड्याच मिनिटांत मधला सगळा भाग सुटला. सुमारे एक कोटी घनमीटर दगड, आणि 115 माणसं गेली.

या घटनेनंतर झुरिकचे भूवैज्ञानिक आल्बर्ट हाइम एल्मला गेले. ते तेव्हा बत्तिशीचे होते. बुस नावाच्या पाद्र्याबरोबर त्यांनी लिहिलेला अहवाल त्याच वर्षी निघाला. हाइम यांनी काय केलं? नकाशे काढले, भेगा मोजल्या, आणि वाचलेल्या माणसांना एकेक करून विचारलं. तू कुठे उभा होतास, काय दिसलं, आधी काय ऐकू आलं, किती वेळ गेला. आज हे आपल्याला साधं वाटतं. पण दरडीची चौकशी दगडापाशी संपत नाही, ती माणसांच्या साक्षीपर्यंत जावी लागते, हे त्यांनी करून दाखवलं. पाऊस त्यांनी नोंदवला, पण भर दिला तो खाचेवर. पाऊस त्या खोऱ्यात दरवर्षी पडत होता. खाच तेरा वर्षांची होती. पुढे 1932 साली म्हातारपणी त्यांनी दरडी आणि मानवी जीवन यांवर एक मोठा ग्रंथ लिहिला. ग्रंथाच्या नावातच त्यांनी माणसाला जागा दिली, हे आम्हाला फार महत्त्वाचं वाटतं.

पण साक्षी आणि नकाशे यांनी 'काय घडलं' ते कळतं. 'किती उतार चालला असता' हे आकड्यात सांगायचं तर गणित हवं. ते गणित खाणीतून आलं नाही, कालवे, रेल्वे आणि बंदरं यांच्याकडून आलं. फ्रान्समधले अभियंते अलेक्झांद्र कोलँ यांनी कालव्यांच्या बांधकामातल्या घसरणी खणून पाहिल्या आणि चिकणमाती वक्र पृष्ठावरून सरकते हे 1846 मध्ये छापलं. पुस्तक जवळजवळ विसरलं गेलं. सत्तर वर्षांनी स्वीडनला तेच पुन्हा शोधावं लागलं. 1916 मध्ये गोथेनबर्ग बंदराचा धक्का सरकला, 1918 मध्ये येतो इथे रेल्वेचा भराव खचून चाळीसहून जास्त प्रवासी मेले. स्वीडिश रेल्वेनं त्याआधीच, 1914 मध्ये, एक आयोग नेमला होता. 1922 च्या त्याच्या अहवालापर्यंत सरकणाऱ्या मातीचे उभे काप करून, प्रत्येक कापाचं वजन आणि घर्षण मोजून हिशेब मांडायची पद्धत रूढ झाली. आजही संगणकात जे चालतं त्याच्या मुळाशी हेच काप आहेत.

त्या हिशेबात पाण्याची जागा दाखवली कार्ल टेर्झागी यांनी, 1920 च्या दशकात. इथे थोडं थांबू, कारण सगळ्या चौकशांचा गड्डा इथेच आहे. लोकांना वाटतं पाणी मातीला 'बुळबुळीत' करतं. तसं फारसं नसतं. ओल्या ओट्यावर गरम भांडं उपडं ठेवून बघा. ते आपोआप सरकायला लागतं. आत अडकलेली हवा तापते, भांड्याचं थोडं वजन उचलून धरते, म्हणून ओट्याशी घर्षण कमी होतं. खडकातल्या भेगेत अडकलेलं पाणी तेच करतं. ते वरच्या दगडाचं ओझं अंशतः स्वतःवर घेतं आणि दगड दगडाला धरून ठेवेनासा होतो. म्हणजे पाऊस किती पडला यापेक्षा पाणी आत कुठे अडकलं आणि त्याला बाहेर पडायला वाट ठेवली होती का, हा प्रश्न खरा.

हे सगळं ज्ञान 1960 पर्यंत पाठ्यपुस्तकात होतं. खाणीत मात्र नव्हतं. त्याची किंमत वेल्समधल्या अॅबरफॅन गावानं मोजली. ती खुली खाण नव्हती, कोळशाच्या भूमिगत खाणीच्या टाकाऊ दगडाचा ढीग होता. पण आपल्या ओबी डंपचा तो सख्खा भाऊ, म्हणून त्याला वगळता येत नाही. डोंगरउतारावर सात नंबरचा ढीग 1958 पासून रचला जात होता. 21 ऑक्टोबर 1966 च्या सकाळी, शाळा नुकती भरली असताना, तो खाली आला. 144 माणसं गेली, त्यातली 116 मुलं.

सुरुवातीला कोल बोर्डाच्या अध्यक्षांनी सांगितलं की ढिगाखाली एक अज्ञात झरा होता. हा 'अज्ञात' शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. गावातल्या पोरासोरांना तिथले झरे माहीत होते, आणि छापील नकाशांवर ते दाखवलेले होते. न्यायमूर्ती एडमंड डेव्हिस यांचं न्यायाधिकरण 76 दिवस बसलं. त्यांनी मृदाशास्त्रज्ञ बोलावले, भोकं पाडून माती तपासली, पण त्याहून जास्त त्यांनी कागद वाचले. त्यात काय निघालं? त्याच डोंगरावरचा चार नंबरचा ढीग 1944 मध्ये घसरला होता. सात नंबर स्वतः 1963 मध्ये सरकला होता. जवळच्याच एका खाणीचा ढीग 1939 मध्ये घसरल्यावर ढीग कसे रचू नयेत याची टिपणी लिहिली गेली होती आणि 1965 मध्ये ती पुन्हा फिरवलीही होती. स्थानिक लोकांची तक्रारपत्रं होती. न्यायाधिकरणानं दोष कोल बोर्डावर ठेवला आणि 1969 मध्ये ब्रिटनमध्ये ढिगांच्या सुरक्षिततेचा स्वतंत्र कायदा आला.

अॅबरफॅनच्या चौकशीनं एक गोष्ट कायमची बदलली असं आम्ही म्हणतो. त्यानंतर दरडीचं कारण शोधताना फाइल उघडणं हे भोक पाडण्याइतकंच शास्त्रीय काम ठरलं.

तिकडे चिलीत, जगातल्या सगळ्यात कोरड्या प्रदेशात, अटाकामा वाळवंटात, वेगळीच गोष्ट घडत होती. चुकिकामाता ही तांब्याची प्रचंड खुली खाण. पाऊस नाहीच, तेव्हा पावसाच्या नावावर काही ढकलायची सोय नाही. डिसेंबर 1967 मध्ये भूकंपाचा धक्का बसला आणि पूर्वेकडच्या भिंतीची हालचाल वाढली. तिथल्या लोकांनी भिंतीवर खुणा बसवून रोज किती सरकते ते मोजायला घेतलं. सरकण्याचा आलेख वर वर वळत चालला होता. जानेवारी 1969 मध्ये त्यांनी तो आलेख पुढे वाढवला आणि सांगितलं, लवकरात लवकर 18 फेब्रुवारीला ही भिंत जाईल. 18 फेब्रुवारीच्या संध्याकाळी सातला दोन मिनिटं कमी असताना ती गेली. सुमारे 1 कोटी 20 लाख टन दगड.

यात नशिबाचा वाटा होता, हे कबूल करायला हवं. तारीख 'लवकरात लवकर' म्हणून दिली होती, ती अचूक लागली हा योग. पण पद्धत योगायोगाची नव्हती. इथे चौकशी दरड पडण्याच्या आधी झाली. पुरावा भिंतीबरोबर खाली जायच्या आत तो कागदावर उतरला होता. 1985 मध्ये जपानच्या फुकुझोनो यांनी वेगाचा व्यस्त काढून आलेख मांडायची सोपी रीत दिली आणि आज रडारवरसुद्धा तीच वापरतात.

त्याच काळात लंडनच्या इंपीरियल कॉलेजात एव्हर्ट हूक आणि जॉन ब्रे खाण कंपन्यांच्याच पैशावर अभ्यास करत होते. 1974 मध्ये त्यांचं खडकांच्या उतारांवरचं पुस्तक आलं आणि खाणीतल्या इंजिनिअरांचं ते हातातलं पुस्तक झालं. खडक मातीसारखा गोलाईत सरकेलच असं नाही. तो एका सांध्यावरून फळीसारखा घसरतो, दोन सांध्यांच्या मधून पाचरीसारखा निसटतो, नाहीतर उभ्या पुस्तकांच्या रांगेसारखा पुढे कलंडतो. सांधे आधी मोजले तर काय होऊ शकतं ते आधी कळतं.

मग प्रश्न येतो, कळत असूनही उतार तीव्र का ठेवतात? साधा हिशेब करू. खाण 300 मीटर खोल आहे. भिंत 45 अंशांत ठेवली तर वरची कड तळापासून आडवी 300 मीटरवर येते. तीच 40 अंशांत ठेवली तर 357 मीटरवर. फरक फक्त पाच अंशांचा. पण एक किलोमीटर लांबीच्या भिंतीसाठी जवळजवळ 86 लाख घनमीटर दगड जास्त काढावा लागतो, ज्यात विकण्यासारखं काहीही नाही. पाच अंशांची किंमत ही आहे. म्हणून 'उतार किती' हा प्रश्न वरवर भूशास्त्राचा असतो आणि आतून ताळेबंदाचा. यात लबाडीच असते असं आम्ही म्हणत नाही. थोडाही धोका न पत्करता खाण चालत नाही. मात्र धोका कुणी पत्करला आणि भोगला कुणी, ही दोन नावं अहवालात शेजारी शेजारी क्वचित दिसतात.

दरड पडल्यावर उलट हिशेब करायची एक पद्धत आहे, बॅक अॅनालिसिस. पडली म्हणजे धरून ठेवणारी ताकद आणि ओढणारी ताकद त्या क्षणी सारखी होती असं मानायचं आणि माती किती मजबूत होती ते मागे काढायचं. उपयोगी आहे, पण चोरवाटाही आहे. पाण्याचा दाब जास्त धरला तर माती मजबूत ठरते, आणि दोष पावसाला जातो. दाब कमी धरला तर माती कमजोर ठरते, आणि दोष उतार ठरवणाऱ्याला जातो. दोन्ही गणितं बरोबरच सुटतात. खाणीत पाण्याची पातळी मोजणारी नळी आधी बसवलेली असेल तरच यातलं खरं कोणतं ते ठरतं. बसवलेली नसेल तर अहवाल लिहिणाऱ्याच्या मनावर.

अलीकडचं मोठं उदाहरण म्हणजे अमेरिकेतल्या युटाचं बिंगहॅम कॅन्यन. 10 एप्रिल 2013 च्या रात्री दीडेक तासाच्या अंतरानं दोन दरडी आल्या, उत्तर अमेरिकेतल्या खाणींच्या इतिहासात सगळ्यात मोठ्या. एकही माणूस जखमी झाला नाही, कारण रडार आणि खुणांवरून हालचाल आधीच दिसली होती आणि माणसं बाहेर काढली होती. वेळेचा अंदाज बरोबर आला. पण दगड किती लांब जाईल हा अंदाज चुकला, आणि तळाशी ठेवलेले बरेच डंपर सापडले. एल्ममध्ये हाइम यांना पडलेला दुसरा प्रश्न, सुटलेला डोंगर सपाटीवर दोन किलोमीटर कसा गेला, तो अजून पूर्ण सुटलेला नाही. जाता जाता एक गंमत. भूकंपानं दरड येते असं आपण म्हणतो. बिंगहॅमच्या दरडीनंतर छोटे छोटे भूकंप नोंदले गेले. निमित्त आणि परिणाम यांनी तिथे जागाच बदलली.

आता आपल्या देशात येऊ. दोन तारखा सांगतो. सिंगरौलीच्या जयंत खाणीत डंप घसरून पाच जण गेले, 17 डिसेंबर 2008. झारखंडच्या गोड्डा जिल्ह्यातल्या ललमटियाला, राजमहल खाणीत, 23 जण गेले, 29 डिसेंबर 2016. महिना बघा. डिसेंबर. मध्य आणि पूर्व भारतात आकाश कोरडं असतं. म्हणजे कावळासुद्धा बसलेला नव्हता.

राजमहलची घटना संध्याकाळनंतर, अंधारात घडली. खाली काम करणारी माणसं ठेकेदाराची होती. कोल इंडियाच्या निवेदनात म्हटलं होतं की 300 मीटर लांब आणि 110 मीटर रुंद एवढा डंपखालचा पक्का तळच 35 मीटर खाली सरकला, सुमारे 95 लाख घनमीटर माल हलला, हे अभूतपूर्व आहे आणि लपलेल्या प्रस्तरभंगामुळे घडलं असावं. ही शक्यता भूशास्त्रदृष्ट्या पटण्यासारखी आहे. पण अॅबरफॅनचा 'अज्ञात' झरा आठवा. लपलेला म्हणजे कुणापासून लपलेला, आणि शोधायला किती भोकं पाडली होती, हा पुढचा प्रश्न चौकशीनं विचारायचा असतो. आधी भेगा दिसल्या होत्या असं कामगारांनी सांगितल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. अशी साक्ष हाइम यांनी पहिल्या दिवशी लिहून घेतली असती.

आपल्याकडे कायदा काय म्हणत होता? 2025 पर्यंत लागू असलेल्या 1952 च्या खाण कायद्यात कलम 24 खाली सरकार चौकशी न्यायालय नेमू शकत होतं. रोजचं काम धनबादच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाकडे, म्हणजे डीजीएमएसकडे. निरीक्षक येईपर्यंत जागा हलवू नये असं कलम 23 सांगत होतं, अर्थात बचावकार्य सोडून. आणि नेमकं इथेच सगळं अडतं. गाडल्या गेलेल्या माणसासाठी शॉवेल लावायलाच हवं, त्याबद्दल दुमत असूच शकत नाही. पण त्या शॉवेलनं सरकलेलं पृष्ठ, पाण्याची ओल, डंपचा पाया हे सगळं एकत्र कालवलं जातं. म्हणून अपघाताच्या आधीचे मोजमापाचे कागद नसतील तर चौकशी जवळपास आंधळी असते.

नियमही तपासून बघण्यासारखे आहेत. 1957 च्या कोळसा खाण नियमावलीत ओबी डंपचा उतार 37.5 अंशांहून जास्त नसावा असं होतं. हा आकडा साधारण सुट्या मालाच्या नैसर्गिक उताराचा. पण तो ढिगाच्या अंगाबद्दल बोलतो, ढिगाच्या बुडाबद्दल नाही. आणि विदर्भात गोम बुडाशीच आहे.

चंद्रपूर, वणी, घुग्घुस, बल्लारपूर, हा सगळा वर्धा खोऱ्याचा पट्टा. वर जाड काळी माती. ही माती उन्हाळ्यात फाटते आणि पाण्यात फुगते, हे शेतकऱ्याला सांगायला नको. मृगाचा पहिला पाऊस तिच्या भेगांतून सरळ खाली उतरतो. ही माती खरवडून न काढता तिच्यावर डंप रचला तर वरचा ढीग कितीही नियमात असो, तो ओल्या साबणावर उभा असतो. त्यात काही ठिकाणी जुन्या भूमिगत खाणींची पोकळ दालनं खुल्या खाणीच्या भिंतीत निघतात. याच खोऱ्यात वेकोलिच्या कवडी खाणीत 24 जून 2000 रोजी बाजू कोसळून दहा जण गेले. जून म्हटल्यावर पाऊस लगेच डोळ्यापुढे येतो. पण जून तिथे दरवर्षी येतो, आणि त्या खोऱ्यातल्या बहुतेक भिंती त्या जूनमध्ये उभ्याच होत्या. हीच का पडली, असा प्रश्न विचारला की मातीचे थर, सांधे, पाण्याच्या वाटा आणि ठेवलेला उतार बघणं भाग पडतं.

2017 मध्ये नवी कोळसा खाण नियमावली आली. पिट आणि डंपचे उतार शास्त्रीय अभ्यासावर ठरवण्याला तिच्यात जास्त वजन आहे. मोठ्या खाणींत स्लोप रडारही आले आहेत. रडार चांगलंच. पण रडारच्या पडद्यासमोर बसलेला माणूस एका कंपनीचा, डंपर चालवणारा दुसऱ्या ठेकेदाराचा, आणि रात्रपाळीत भेग पहिल्यांदा दिसते ती डंपरवाल्याला. त्यानं ती कुणाला सांगायची, सांगितल्यावर कोणत्या वहीत चढते, आणि काम थांबलं तर त्याच्या त्या दिवसाच्या पैशाचं काय, हे तीन प्रश्न आम्ही भेटेल त्या खाण व्यवस्थापकाला विचारतो. पहिल्याचं उत्तर लगेच मिळतं. दुसऱ्यासाठी वही शोधावी लागते. तिसऱ्याशी आलो की चहा मागवला जातो.

वेळ झाली आहे. फळ्यावरचा पाच अंशांचा हिशेब तसाच ठेवतो, ज्यांना खोली बदलून करून बघायचा आहे त्यांनी बघा. आता प्रश्न घेऊ.